'फार' एवढंच लिहून थांबू नका

एरवी मी इथे एखादा शोधनिबंध घेऊन तो सोप्या भाषेत उलगडून सांगते. आज तसं करणार नाही. आज मला एका अख्ख्या लेखनप्रकारावर टीका करायची आहे. मेंदूतल्या कॅल्शियमच्या साठ्यांवर काम करताना गेल्या तीन वर्षांत मी हे लेखन शेकड्याने वाचलंय. त्याचं शीर्षक बहुतेक एकाच साच्यातलं असतं: 'फार्स डिसीज: एका दुर्मीळ रुग्णाची नोंद'.

आधी एक खुलासा. हा 'फार' म्हणजे आपला 'खूप' नव्हे. कार्ल थिओडोर फार हे जर्मन विकृतीशास्त्रज्ञ होते. त्यांचं नाव या आजाराला चिकटलं आणि आजपर्यंत निघालेलं नाही.

दुसरा खुलासा जास्त महत्त्वाचा. हा विषय माझ्यासाठी नुसता थिसिसचा नाही. माझी मावशी कराडकडे राहते. काही वर्षांपूर्वी तिला आकडी आली, शहरातल्या एका दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टच्या शेवटी निष्कर्षात लिहून आलं: 'दोन्ही बाजूंच्या बेसल गँग्लियात कॅल्सिफिकेशन, फार्स डिसीज.' घरात सगळ्यांना सांगण्यात आलं की आजार जन्माचा आहे, दुर्मीळ आहे, त्याला औषध नाही, फक्त फिटच्या गोळ्या चालू ठेवायच्या. आजी म्हणायची, 'पोरीच्या डोक्यात चुना साचलाय.' वर्णन म्हणून ते अगदी बरोबर होतं. चुकलं ते पुढचं. त्याकडे शेवटी येते.

चित्र काय सांगतं

सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम दिसणं ही फार सोपी गोष्ट आहे, आणि गोंधळाची सुरुवात या सोपेपणातूनच होते. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्यांच्याच नावाच्या एककात आपण आजही घनता मोजतो. पाणी ०, हवा उणे १०००. मेंदूचा करडा भाग ३५-४० च्या आसपास, ताजं साकळलेलं रक्त साधारण ५० ते ९०. कॅल्शियम मात्र सहज १०० च्या वर जातं. त्यामुळे पडद्यावर ते लख्ख पांढरं दिसतं. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरलाही दिसतं.

त्याआधी कवटीचा साधा एक्स-रे हेच साधन होतं. त्यात पिनिअल ग्रंथीतला कॅल्शियमचा ठिपका मधल्या रेषेवरून सरकलाय का हे बघून एका बाजूला गाठ वाढतेय का याचा अंदाज बांधायचे. म्हणजे मेंदूतलं सगळंच कॅल्शियम वाईट नसतं. पिनिअल, कोरॉइड प्लेक्सस, मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पडदा या ठिकाणी ते कित्येक निरोगी माणसांत सापडतं. वय झालेल्या माणसाच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये दोन्हीकडे बारीक ठिपके असले तर रेडिओलॉजिस्ट 'वयानुरूप' म्हणून पुढे जातात, आणि ते योग्यच आहे. जुन्या सीटी मालिकांमध्ये बेसल गँग्लियातलं असं कॅल्शियम साधारण ०.३ ते १.५ टक्के लोकांत नोंदलेलं आहे. आजच्या पातळ छेदांच्या यंत्रांत ते कितीतरी जास्त दिसतं. माणसं बदललेली नाहीत, छेद पातळ झालेत. मिलिमीटरभराचा ठिपका पाच मिलिमीटर जाड छेदात भोवतालच्या मेंदूबरोबर सरासरीत विरघळून जातो, पातळ छेदात विरघळत नाही.

म्हणजे चित्र तीन गोष्टी सांगतं: कॅल्शियम आहे, कुठे आहे, किती आहे. चौथी गोष्ट, ते का आहे, हे चित्र बहुतेक वेळा सांगत नाही. माझी सगळी तक्रार या चौथ्या गोष्टीबद्दल आहे.

नावाची गोष्ट

फार यांनी १९३० साली एका ८१ वर्षांच्या गृहस्थाच्या शवविच्छेदनाचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलं होतं. पण बेसल गँग्लियातलं कॅल्शियम पहिल्यांदा सांगणारे ते नव्हते. फ्रान्समध्ये देलाकूर यांनी १८५० मध्येच ते नोंदवलं होतं. शिवाय फार यांच्या रुग्णातलं कॅल्शियम प्रामुख्याने पांढऱ्या भागात होतं. आज ज्याला आपण त्यांचं नाव देतो, ते ठेवणीचं चित्र तिथे नव्हतंच.

मन्यम या न्यूरोलॉजिस्टनी २००५ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला: फार्स डिसीज म्हणजे काय, आणि काय नाही. तो लेख वाचल्यावर हे नाव वापरायला हात धजावू नये. तरी ते वापरलं जातं. का? कारण ते छोटं आहे, ऐकायला वजनदार आहे, आणि लिहून मोकळं होता येतं.

त्यानंतर तर विज्ञान बरंच पुढे गेलं. २०१२ मध्ये एसएलसी२०ए२ हे जनुक सापडलं. ते पेशीत फॉस्फेट आत घेणाऱ्या एका वाहकाचा आराखडा सांभाळतं. २०१३ मध्ये पीडीजीएफआरबी आणि पीडीजीएफबी, २०१५ मध्ये एक्सपीआर१, २०१८ मध्ये मायॉर्ग, २०२० मध्ये जॅम२. यातली पहिली चार प्रबळ पद्धतीने, म्हणजे आई किंवा वडील एकाकडून आलं तरी पुरे, अशी वारशाने येतात. शेवटच्या दोघांत दोन्हीकडून सदोष प्रत यावी लागते, त्यामुळे जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांत त्यांचा विचार आधी करावा लागतो. या आनुवंशिक आजाराला आता 'प्रायमरी फॅमिलिअल ब्रेन कॅल्सिफिकेशन' म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण त्यातला 'प्रायमरी' हा शब्द कामाचा आहे. तो वाचणाऱ्याला विचारतो: दुय्यम कारणं तपासलीस का?

'फार' हे नाव काहीच विचारत नाही.

रुग्णनोंदींचा साचा

आता त्या लेखनप्रकाराकडे येऊ. कुणावर वैयक्तिक टीका नको म्हणून एकही निबंध नावाने घेत नाही, साचा तेवढा सांगते.

पहिला परिच्छेद: हा आजार दुर्मीळ आहे. दुसरा: चाळिशीतली स्त्री, आकडी, हातापायाला मुंग्या, कधी कधी बोटं आखडतात. तिसरा: रक्ततपासणी. आणि इथे, भल्या मोठ्या तक्त्याच्या मधोमध, कॅल्शियम ६ च्या आसपास, फॉस्फेट वाढलेलं, पॅराथायरॉईड हार्मोन जवळजवळ नाही. चौथा: सीटीची दोन सुंदर चित्रं. पाचवा: निदान, फार्स डिसीज. सहावा: पुन्हा एकदा, हा आजार दुर्मीळ आहे.

अहो, पण या बाईंचं निदान तिसऱ्या परिच्छेदातच झालं होतं! त्यांना हायपोपॅराथायरॉइडिझम आहे. थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी काम करत नाहीत, म्हणून रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. मेंदूतले साठे हा त्याचा परिणाम आहे. आणि हायपोपॅरामध्ये हे साठे दुर्मीळ मुळीच नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये इडिओपॅथिक हायपोपॅराथायरॉइडिझमच्या शंभराहून जास्त रुग्णांचे स्कॅन पाहिले गेले, तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश जणांत बेसल गँग्लियात कॅल्शियम निघालं. तीन-चतुर्थांश म्हणजे तो त्या आजाराचा नेहमीचा भाग झाला. त्याला वेगळ्या दुर्मीळ नावाची गरज काय?

इथे एक प्रश्न सगळेच विचारतात: रक्तात कॅल्शियम कमी, मग मेंदूत जास्त कसं? गोम फॉस्फेटमध्ये आहे. पॅराथायरॉईड हार्मोन एरवी जादा फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकायला लावतं. ते नसलं की फॉस्फेट चढतं आणि कॅल्शियमबरोबर मिळून ऊतींत साचतं. वर सांगितलेलं एसएलसी२०ए२ आठवा, तेही फॉस्फेटचंच जनुक. एक्सपीआर१ पेशीतून फॉस्फेट बाहेर सोडतं. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेले आजार मेंदूत शेवटी जवळपास एकसारखं चित्र काढतात: बेसल गँग्लिया, लहान मेंदूतलं डेंटेट केंद्रक, कधी करड्या-पांढऱ्या भागांची सीमा. दोघांचे स्कॅन शेजारी ठेवले तर फक्त चित्रावरून कोणतं कुठलं हे खात्रीने सांगता येणार नाही. साध्या रक्ततपासणीवरून येईल.

काही लेखक यावर तोडगा काढतात: प्राथमिक असेल तर 'फार्स डिसीज', दुय्यम असेल तर 'फार्स सिंड्रोम'. कागदावर ठीक आहे. पण डिसीज आणि सिंड्रोम हा फरक रिपोर्ट टाइप करणाऱ्याला, वाचणाऱ्या फॅमिली डॉक्टरला आणि रुग्णाच्या भावाला कळतो का? गूगलवर शोधलं की दोन्हीला एकच पान उघडतं, आणि त्यावर लिहिलेलं असतं: उपचार नाही.

लेखकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. या नोंदी बहुतेक वेळा निवासी डॉक्टर लिहितात. रात्रपाळ्या करून, पदवीसाठी एक प्रकाशन हवं म्हणून. 'हायपोपॅराथायरॉइडिझमचा आणखी एक रुग्ण' असं शीर्षक दिलं तर कुठलं नियतकालिक छापेल? 'फार' म्हटलं की छापतं. त्यामुळे माझा राग त्या लेखकांपेक्षा संपादकांवर आणि परीक्षकांवर जास्त आहे. तक्ता त्यांच्यासमोर असतो. 'शीर्षक बदला' एवढं एक वाक्य त्यांना लिहिता येतं. शिवाय यातल्या चांगल्या नोंदींचं मोल मी नाकारत नाही. काहींनी भाऊबहिणींचे स्कॅन केले, काहींनी जनुकतपासणी केली, त्यांच्यामुळेच पुढची जनुकं सापडायला कुटुंबं मिळाली. वाईट नोंद आणि चांगली नोंद यांत फरक एवढाच असतो की चांगल्या नोंदीत कारण शोधून मगच नाव दिलेलं असतं.

आता माझ्याच क्षेत्राकडे

दुसऱ्यांना बोल लावून झाला. आता आम्ही एमआरआयवाले.

आमचा आवडता दावा: 'ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग वापरा, सीटीची गरज नाही, किरणोत्सर्गही टळतो.' या दाव्यात तथ्य आहे. लोह असलेलं जुनं रक्त चुंबकीय क्षेत्राकडे ओढ दाखवतं, कॅल्शियमचे क्षार अगदी किंचित उलट वागतात. साध्या एमआरआय चित्रात दोन्ही काळे ठिपके दिसतात, पण फेज चित्रात एक काळा तर दुसरा पांढरा दिसतो. २००४ मध्ये हाके आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत नीट मांडली आणि आज ती जवळपास प्रत्येक यंत्रावर असते.

आता तीन 'पण'.

पहिला: कुठला काळा आणि कुठला पांढरा, हे सगळ्या यंत्रांवर सारखं नसतं. काही कंपन्यांची चिन्हपद्धत दुसऱ्यांच्या नेमकी उलटी आहे. म्हणजे एका यंत्रावर जे कॅल्शियम, ते दुसऱ्यावर रक्त. यावर साधा उपाय आहे: त्याच चित्रात एखादी शीर बघा, तिच्यातलं रक्त कसं दिसतंय ते पाहून मग ठिपका वाचा. किती शोधनिबंधांत ही पायरी लिहिलेली असते? माझ्या वाचनात तरी फार थोड्या. (हा फार आपला.)

दुसरा: ठिपक्याभोवतीचं क्षेत्रही बिघडतं, आणि ठिपक्याच्या वर-खाली त्याचं चिन्ह बाजूंच्या उलट असतं. छेद जाड असेल किंवा चुकीच्या जागेवरून गेला असेल तर कॅल्शियमच रक्तासारखं दिसू शकतं. क्वांटिटेटिव्ह ससेप्टिबिलिटी मॅपिंग, म्हणजे माझ्या थिसिसचा विषय, हा गोंधळ बराच कमी करतं. पण साठा खूप दाट असेल तर आत संकेतच उरत नाही, आणि तिथलं गणित डळमळतं.

तिसरा 'पण' मला स्वतःला लागू आहे. दुसऱ्या वर्षी मी एक पोस्टर केलं. संगणकाला शिकवलं: हा ठिपका कॅल्शियम, हा रक्त. आकडे छान आले. प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ रेडिओलॉजिस्ट बाईंनी शांतपणे विचारलं, 'हे कॅल्शियमच आहे हे तुला कोणी सांगितलं?' मी म्हणाले, रिपोर्टने. त्या म्हणाल्या, 'आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला?' मी रिपोर्ट पुन्हा उघडले. ज्यांचा सीटी झालाच नव्हता, असे कितीतरी रुग्ण त्यात होते. तिथे 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द एमआरआय बघूनच लिहिलेला होता. म्हणजे मी एमआरआयची परीक्षा एमआरआयच्याच उत्तरपत्रिकेवरून तपासत होते. ते पोस्टर मी पुढे निबंध म्हणून पाठवलं नाही. सीटी असलेले रुग्णच घेऊन काम पुन्हा सुरू केलं. आता रुग्ण खूप कमी उरलेत, आणि आकडेही तितके छान राहिले नाहीत. पण निदान खरे आहेत.

हे जमतं, याचं उदाहरण

'मग करायचं काय, सगळ्या शंका घेत बसायचं?' असं कुणी विचारलं तर मी वेल्लोरकडे बोट दाखवते. १९८० च्या दशकात भारतात आकडी आलेल्या कितीतरी तरुणांच्या सीटीत एक छोटी, कडेने उजळणारी गाठ दिसायची. सरसकट टीबीची गाठ समजून कित्येकांना महिनोन् महिने टीबीची औषधं दिली जायची. गाठ नाहीशी झाली की औषध लागू पडलं असं वाटायचं. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चंडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेकींत पट्टकृमीची अळी, म्हणजे सिस्टिसर्कस निघाला. मग त्यांनी निकष ठरवले: गाठ एकच हवी, २० मिलिमीटरपेक्षा मोठी नको, सूज मधली रेषा सरकवण्याइतकी नको, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं नकोत, वगैरे. त्या निकषांनी लोकांच्या ऑपरेशनच्या आणि नको त्या औषधांच्या वाऱ्या वाचल्या.

ती गाठ बरी होताना कधी पूर्ण नाहीशी होते, कधी मागे कॅल्शियमचा एक कण ठेवून जाते. आपल्याकडे आकडीच्या रुग्णात मेंदूच्या पृष्ठभागालगत एखादा पांढरा कण दिसला तर बहुतेकदा तो या जुन्या पाहुण्याचा असतो. 'मेलेला किडा' म्हणून त्याकडे दुर्लक्षही करून चालत नाही, कारण अशा कणाभोवती अधूनमधून सूज येते आणि आकडी परतते. म्हणजे ठिपका तोच, पांढरेपणा तोच, पण कुठे आहे, किती आहेत आणि कुणाच्या डोक्यात आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. वेल्लोरच्या मंडळींनी चित्राला नाव देण्याआधी चित्राबाहेर जाऊन तपासलं. मी एवढंच मागतेय.

रिपोर्ट कसा असावा

रेडिओलॉजिस्टने रक्त तपासावं असं मी म्हणत नाही. ते त्यांचं काम नाही. पण निष्कर्षाची शेवटची ओळ त्यांच्या हातात असते. ती अशी लिहिता येईल:

'दोन्ही बेसल गँग्लिया व डेंटेट केंद्रकांत दाट कॅल्सिफिकेशन. वयाच्या मानाने जास्त. कारण चित्रावरून ठरवता येत नाही. रक्तातील कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फेट, मॅग्नेशियम, क्रिअॅटिनिन व पॅराथायरॉईड हार्मोन तपासावे. मानेचं जुनं ऑपरेशन विचारावं. हे सर्व ठीक असल्यास आनुवंशिक कारणाचा विचार करावा.'

पाच-सहा वाक्यं. यात 'फार' कुठेच नाही, आणि काही अडलंही नाही.

मावशी

मावशीचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं होतं, स्कॅनच्या बरीच वर्षं आधी. गळ्यावरचा व्रण साडीच्या पदरात आणि मंगळसूत्रात लपायचा. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. 'ते गळ्याचं होतं, हे डोक्याचं,' असं ती मला नंतर म्हणाली. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं.

फिटच्या गोळ्यांमध्ये फेनिटॉइन होतं. ते यकृतात ड जीवनसत्त्वाचा निचरा वाढवतं, म्हणजे आधीच उतरलेल्या कॅल्शियमला आणखी खाली ढकलतं. गोळ्या नियमित घेऊनही आकडी येत राहिली, तेव्हा डोस वाढवला गेला. रिपोर्टवर 'दुर्मीळ, उपचार नाही' असं नाव असल्यावर डोस वाढवण्यापलीकडे कुणाला काही सुचत नाही.

थिसिसच्या पहिल्या वर्षी, दिवाळीत घरी गेले असताना, मी तिला सहज विचारलं, 'मावशे, बोटं आखडतात का गं कधी?' ती म्हणाली, 'कपडे पिळताना रोज.' दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं. कॅल्शियम ५.८ आलं. तिथल्या लॅबवाल्या दादांनी चूक झाली असेल म्हणून पुन्हा तपासलं. तेवढंच आलं.

आता ती कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल घेते, दर काही महिन्यांनी रक्त तपासते, डॉक्टरांनी फिटचं औषधही बदललंय. दीड वर्षात आकडी नाही. मेंदूतले साठे मात्र जिथल्या तिथे आहेत. ते सहसा जात नाहीत, आणि मधली वर्षंही परत येत नाहीत.

तिचा जुना सीटी माझ्याकडे आहे. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम आहे, त्यातलं वर्णनही अचूक आहे. चूक आहे ती शेवटच्या दोन शब्दांत.

पुढच्या वेळी पुन्हा नेहमीसारखं, एका निबंधाची उकल घेऊन येईन. तोवर घरात कुणाचा असा रिपोर्ट असेल तर घाबरू नका, आणि औषधं आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: 'रक्तातलं कॅल्शियम बघितलंय का?'